टाचणीवहिनींचा ओठ

आमच्या गल्लीत मध्यंतरी बातमी पसरली की टाचणीवहिनींनी टाचणी गिळली. बातमीला पुरावाही होता. ती टाचणी म्हणे एक्स-रेत दिसली होती, उजव्या जबड्यात, आडवी, डोक्यासकट. किराणावाल्यांनी मला सांगितली तेव्हा ती साधी लोखंडी होती. माझ्याकडून पुढे गेली तेव्हा तिला निळं काचेचं डोकं आलं होतं. आणि संध्याकाळी इस्त्रीवाल्याकडून ती परत माझ्याच कानावर आली, तोवर टाचणी पोटात उतरली होती आणि वहिनी दवाखान्यात दाखल झाल्या होत्या. त्या वेळी वहिनी माझ्या डोळ्यांसमोर, रस्त्यापलीकडे, आपल्या दुकानात कोटाच्या बाहीला अस्तर लावत बसल्या होत्या. पण चांगल्या बातमीच्या आड डोळ्यांना येऊ देऊ नये.

खरं सांगायचं तर टाचणी होती आणि एक्स-रेतही होती, फक्त जबड्यात नव्हती. ती होती कॉलरमध्ये. ते पुढे येईलच. आधी बाई कोण ते सांगतो.

टाचणीवहिनी हे नाव मी ठेवलेलं नाही, मी ते फक्त चालू ठेवलं. अंगानं बारीक, पाठ ताठ, आणि वर गोल गच्च अंबाडा. बघणाऱ्याला दुसरं काही सुचतच नाही. त्यात धंदा शिवणाचा. कोट, झगे, पडदे, शाळेचे गणवेश. कुणाचं ढगळ झालेलं आत घ्यायचं, कुणाचं घट्ट झालेलं सोडायचं. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना दादा म्हणतो, जन्मभर बस चालवून निवृत्त झाले. आता ते दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांना मनातल्या मनात ब्रेक लावतात. माझं चष्म्यांचं दुकान बरोबर समोर. लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा, आणि लोकांचं सगळं दिसावं ही माझी आवड. गिऱ्हाईक नसलं की मी रस्ता ओलांडून वहिनींच्या स्टुलावर जाऊन बसतो. म्हणजे बहुतेक दिवसभर.

वहिनींची काम करायची एक रीत आहे. टाचण्या खोचायची गादी त्यांनी कधी वापरली नाही. डबीतून चिमूटभर टाचण्या उचलायच्या, खालच्या ओठावर उजव्या कोपऱ्यात रचायच्या, टोकं आत, डोकी बाहेर, आणि ओठ मिटून घ्यायचे. मग दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या कापडाला मोकळे. लागेल तशी एकेक डोक्याला धरून ओढायची. रेशमाला बारीक, लोकरीला जाड, आणि कोणती कुठली हे डोळ्यांनी नाही, ओठानं ओळखायचं. वाकडी टाचणी लागली की नुसता ओठ हलवून ती बाहेर टाकायची, जशी आपण फळातली बी टाकतो.

त्यामुळे दुकानात बोलणारा मी, आणि 'हूं' म्हणणाऱ्या त्या. त्यांचा एक 'हूं' होकाराचा असतो, एक नकाराचा, आणि एक 'आता उठा' असा. तो तिसरा मला कळत नाही असं मी वर्षानुवर्षं दाखवत आलो.

बाई कशी आहे ते एका कोटावरून सांगतो. वकीलसाहेबांचा कोट तयार झाला, त्यांनी घातला, आरशात दोनदा वळून बघितलं, खूश झाले. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं, कोट अंगावरून उतरवून घेतला आणि त्यांच्यादेखत बाही उसवायला घेतली. वकील कळवळले. "अहो, मला चालतोय की." वहिनींनी टाचण्या तोंडातून हातात काढल्या. "तुम्हाला चालेल हो. रस्त्यानं माझा कोट चालतो." आणि टाचण्या परत तोंडात. खटला संपला.

तर अशा बाईची अक्कलदाढ दुखायला लागली, आणि तीही पन्नाशी ओलांडल्यावर. सगळे दात येऊन बसले, एकदोन जाऊनही झाले, मग ही कानामागून आली आणि तिखट झाली. गाल सुजला, तोंड बोटभरही उघडेना. दादा म्हणाले, "अक्कल आत्ता येतेय होय तुला?" सुजल्या तोंडानं वहिनी म्हणाल्या, "तुमच्याबरोबर संसार करायला लागली नाही. आता लागेल." घरात त्या बोलतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कोपऱ्यावर दातांच्या डॉक्टर बसतात. तरुण बाई आहे, हसरी. वहिनींच्या तोंडात आरसा घालून तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "शिवणकाम करता का?"

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या पुढच्या दातानं. दोरा तोडून तोडून खाच पाडलीत त्याला. यापुढे दोरा, टाचणी काही तोंडात घालायचं नाही."

सूज उतरायला औषधं दिली आणि जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. यात माणसाला उभं करतात, हनुवटी टेकवायला देतात, आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. मग पडद्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा जबडा उलगडून दिसतो, उसवून टेबलावर पसरलेल्या कॉलरसारखा. वहिनींच्या जबड्यात उजवीकडे लखलखीत टाचणी दिसली. डॉक्टर दचकल्या. दादा उठून उभे राहिले, म्हणाले "गिळली", आणि जीव घाबरा झाला म्हणून तडक बाहेर गेले. बाहेर त्यांना किराणावाले भेटले. बातमीचा जन्म तो.

आत डॉक्टरांनी वहिनींच्या मागे जाऊन कॉलरवरून हात फिरवला आणि टाचणी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शिवणाऱ्या बाईनं कामातून उठताना एखादी टाचणी कॉलरला खोचून ठेवावी आणि विसरावी, यात नवल काही नाही. नवल हे की पुढचा कळीचा प्रश्न वहिनींना त्याच टाचणीनं सुचवला.

एक्स-रे पुन्हा काढला. दाढ तिरकी होती, शेजारच्या दाढेला खांदा लावून रुसून बसलेली. तिच्या मुळांच्या खालून हाडात एक बारीक बोगदा जातो, दोन पांढऱ्या रेघांमधून. मुळांपाशी आल्यावर त्या रेघा पुसट होऊन नाहीशा होत होत्या. डॉक्टरांनी तिथे पेन टेकवलं. "या बोगद्यातून नस जाते. खालचा ओठ आणि हनुवटी, या बाजूची. ही नस ओठ हलवत नाही, ती फक्त कळवते. तिला इजा झाली तर ओठ हलेल, बोलता येईल, पण तिथलं काही कळणार नाही. चहा हनुवटीवरून ओघळला तरी पत्ता लागणार नाही."

"आणि टाचणी रुतली तर?" वहिनींनी विचारलं.

"तरीही नाही."

दादा तोवर परत आले होते. त्यांनी विचारलं, "हे सगळ्यांना होतं का?"

"बहुतेकांना काही होत नाही. मुळं नसेला लागून असली तर धोका वाढतो. झालंच तरी बऱ्याच जणांचा ओठ काही महिन्यांत परत येतो. थोड्यांचा येत नाही. यांचं वय आहे, हाड घट्ट झालंय, तेही धरायला हवं."

वहिनी पडद्याकडे बघत होत्या. "मुळं नसेला लागून आहेत की नाहीत?"

"दिसताहेत तशी."

"टाचणीपण जबड्यातच दिसत होती."

डॉक्टर हसल्या. "तेच तर. हा फोटो सपाट आहे. पुढचं आणि मागचं सगळं एकावर एक येतं. नस मुळांच्या अलीकडून जाते, पलीकडून की मधून, हे यात कळत नाही. त्याला चारी बाजूंनी बघणारा स्कॅन असतो. प्रत्येकाला लागत नाही, पण तुम्हाला मी तोच सांगणार होते."

वहिनी मागे-पुढे न बघता हो म्हणाल्या. मागे-पुढे बघायला बाकीची गल्ली होतीच. सूज उतरल्यावर दादा म्हणाले, "दुखत नाही ना आता? मग झोपलेल्याला कशाला उठवायचं?" ती झोपलेली पुन्हा उठली, परत गाल फुगला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की शेजारची चांगली दाढही आता किडायला लागलीय, हिला काढल्यावाचून गत्यंतर नाही. मग मी माझ्या मेव्हण्याचा दाखला दिला. त्याची दाढ त्याच्या ओळखीच्या माणसानं पाच मिनिटांत उपटली होती, स्कॅन नाही, बिन नाही. वहिनींनी टाचण्यांमधून माझ्याकडे नुसतं बघितलं. माझा मेव्हणा किती खरं बोलतो ते त्यांना ठाऊक आहे.

दादांनी वेगळी युक्ती काढली. "समज, गेलाच ओठ. मनगटाला गादी बांधायची आणि टाचण्या त्यात खोचायच्या. जगातले निम्मे शिंपी तेच करतात."

तेव्हा वहिनींनी टाचण्या काढल्या. एकेक नाही, सगळ्या एकदम. "गादी मी बांधीनही, माझ्या मर्जीनं. ओठ गेला म्हणून नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ असं लोक म्हणतात ना? मग दातापायी ओठ मी का देऊ?"

दादा खुर्ची उचलून दारात गेले आणि दोन ट्रकना ब्रेक लावून आले.

स्कॅनला मीही बरोबर गेलो. वहिनींनी त्या दिवशी मुद्दाम बिनकॉलरचा झगा घातला होता आणि दादांकडून मान तपासून घेतली होती. यंत्रापाशी जो माणूस असतो त्यानं अंगावरचं धातूचं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. अंबाड्यातले आकडे निघाले, कानातलं निघालं. त्यानं पुन्हा विचारलं, आणखी काही? वहिनी म्हणाल्या काही नाही. मग बाहीच्या काठातून एक टाचणी निघाली, कमरेच्या शिवणीतून एक, आणि खांद्यापाशी दोरा ओवलेली सुई. तो माणूस ट्रेकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही लोहचुंबकापासून जपूनच राहा. भिंतीला चिकटाल."

स्कॅन घेऊन जबड्याच्या सर्जनकडे जायचं होतं. हे गृहस्थ वयस्कर, हळू बोलणारे, आणि बोलताना खोटी आशा दाखवायची नाही असं ठरवलेले. त्यांनी पडद्यावर जबड्याचे काप एकेक करून सरकवले. दाढेला दोन मुळं होती, आणि नस त्या दोन मुळांच्या बेचक्यातून जात होती, मुळांना चिकटून. मध्ये हाडाचा पापुद्राही नव्हता. दादा, ज्यांनी जन्मभर अरुंद पुलांवरून बस काढली होती, ते बघून म्हणाले, "इथून गाडी निघायची नाही."

"दाढ ओढली तर मुळं नसेला धरूनच वर येतील," सर्जन म्हणाले. "दुसरा मार्ग आहे. वरचा भाग कापून काढायचा, मुळं तिथेच सोडायची. वर टाके घालायचे. मुळं हाडात गप्प राहतात."

"म्हणजे काप गेले आणि भोकं राहिली," दादा म्हणाले. "अर्धंच काम?"

सर्जन वहिनींकडे वळले. "हेही ऐकून घ्या. मुळं पुढेमागे वर सरकू शकतात, तेव्हा काढावी लागतील. पण तोवर ती नसेपासून लांब आलेली असतील. कधी तिथे पू होतो. आणि कापताना मुळं सैल झाली तर सगळी दाढच काढावी लागेल. तो निर्णय मी तिथेच घेईन, तुम्हाला विचारायला वेळ नसेल. जिभेची नस आणखी वेगळी. ती या चित्रात दिसतच नाही, तिला हातानं जपायचं."

"जिभेची काळजी नको," मी म्हणालो. "त्यांची जीभ नवी कोरी आहे, वापरलेलीच नाही."

सर्जनना हसू आलं. वहिनींना आलं नाही. त्या पडद्यावरच्या बेचक्याकडे बघत होत्या. नजर न हटवता म्हणाल्या, "रेशमात दोरा अडकला की ओढत नाहीत. ओढला तर कापड चुणतं, ते चुणलेलंच राहतं. वरचा दोरा कापायचा, आतला राहू द्यायचा. करा तुम्ही. फक्त ओढाताण नको."

शस्त्रक्रिया सकाळी झाली. आम्ही बाहेर बसलो होतो, दादांचा उजवा पाय जमिनीवर सारखा दाबला जात होता. वहिनी गालाला बर्फ लावून चालत बाहेर आल्या. मागून सर्जन आले. मुळं हलली नव्हती, ती जागेवर राहिली होती. ओठ इंजेक्शनमुळे बधिर आहे, दुपारनंतर उतरेल, असं ते म्हणाले.

दुपारी जीभ परत आली. मग गाल आला. वहिनी दुकानातल्या आरशासमोर बसल्या आणि निळ्या काचेच्या डोक्याची एक टाचणी उलटी धरून, तिचं डोकं ओठावर डावीकडून उजवीकडे टेकवत गेल्या. प्रत्येक ठिकाणी 'हूं'. मध्यावर 'हूं'. जरा पुढे 'हूं'. उजव्या कोपऱ्यात, जिथे इतकी वर्षं टाचण्या राहत होत्या, तिथे त्यांनी टाचणी टेकवली, दाबली, उचलली, परत दाबली. 'हूं' आला नाही. खाली हनुवटीवरही थोड्या जागेत आला नाही. मी त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशीही ते तसंच. सर्जननी डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्यानं आणि सुईच्या टोकानं तपासलं, आणि न कळणाऱ्या भागाभोवती पेन्सिलीनं रेघ काढली. "नस तोडलेली नाही. तिला धक्का बसलाय. बहुधा परत येईल." मग पेन्सिल खिशात ठेवत, "बहुधाच म्हणतोय मी."

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या.

दुकानात येऊन त्यांनी मनगटाला गादी बांधली. कुणी काही बोलायच्या आत दादांकडे बघून म्हणाल्या, "माझ्या मर्जीनं." आणि कापडावर खुणा करायचा निळा खडू घेऊन आरशात बघून त्या बधिर जागेभोवती स्वतःच रेघ काढली. दर रविवारी ही खूण पुसायची, टाचणीच्या डोक्यानं सगळी जागा चाचपायची, आणि नवी काढायची. गल्लीत नवी बातमी निघाली की टाचणीवहिनींना निळी दाढी येतेय. ही माझी नव्हे. मी फक्त मिशीही येतेय एवढं म्हणालो.

एक गोष्ट मात्र आम्ही कुणीच धरली नव्हती. वहिनींचं तोंड रिकामं झालं होतं. इतक्या वर्षांची उत्तरं आत साठलेली, आणि वर आता टाचणीचं कुलूप नाही. पहिल्याच दिवशी मी स्टुलावर टेकलो आणि माझ्या मामेभावाच्या लग्नात मांडव पडला ती गोष्ट सुरू केली. हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, "ही गोष्ट तुम्ही तीन तऱ्हेनं सांगितलीय भाऊजी. मांडव पडतो ती दुसरी बरी होती. तिच्यात तुम्ही मांडवाखाली नव्हता." वकील मापाला आले, त्यांनी श्वास ओढून पोट आत घेतलं. "सोडा ते. मी कोट पोटासाठी शिवतेय, फोटोसाठी नाही." किराणावाल्यांच्या बायकोला कंबर किती सोडायची ते सांगितलं, आणि का सोडावी लागतेय तेही सांगितलं. गिऱ्हाइकं दारातून आत यायच्या आधी कपडे आणि मन दोन्ही सावरून घ्यायला लागली.

पण एक दिवस त्या चहा पीत होत्या. कपातून चहाची धार उजव्या कोपऱ्यातून निघाली आणि हनुवटीवरून खाली, पुढ्यातल्या पांढऱ्या कापडाकडे निघाली. मला दिसत होती. मी गप्प बसलो. थेंब कापडावर पडला तेव्हा त्यांनी खाली बघितलं, मग आरशात.

"सांगायचं होतंत की," त्या म्हणाल्या.

"म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"सांगायचं तेव्हा गप्प बसता, आणि गप्प बसायचं तेव्हा गोष्टी सांगता." त्यांनी रुमालानं हनुवटी पुसली, मग ते कापड घेतलं आणि डाग थंड पाण्यात धरला. तो निघेपर्यंत चोळला. डाग गेल्यावरही बराच वेळ चोळत होत्या. मग कप घेतला, आरशासमोर बसल्या, आणि उरलेला चहा डाव्या बाजूनं, घोट घोट, एक थेंब न सांडता संपवला. दुसऱ्या दिवसापासून आरशासमोर चहा हा शिरस्ताच झाला. ओठ कळवत नसेल तर डोळे कळवतील, पण चहा कपातून तोंडातच जाईल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

काही आठवड्यांनी रविवारी खूण काढताना त्यांचा हात थांबला. "मुंग्या येताहेत," त्या म्हणाल्या. दादा घाबरून उठले. सर्जनकडे गेलो तर ते पहिल्यांदा मोकळं हसले. नस जागी होते तेव्हा आधी मुंग्याच येतात, असं म्हणाले. मग खडूची खूण आत यायला लागली, ढगळ कपडा आत घ्यावा तशी, दर रविवारी थोडी. हनुवटीवरून ती वर सरकली, ओठाच्या कडेला आली, मग कोपऱ्यात नखाएवढी उरली. ती नखाएवढी जागा फार दिवस हटली नाही. वहिनीही हटल्या नाहीत. खूण पुसायची, चाचपायचं, परत काढायची. "आली तर तिच्या मर्जीनं, नाही आली तर माझ्या हिशेबानं," एवढंच म्हणायच्या.

एका सकाळी मी रस्ता ओलांडून गेलो तर मनगटावर गादी नव्हती आणि हनुवटीवर खडू नव्हता. वकिलांच्या जुन्या कोटाचं अस्तर बदलायचं काम चाललं होतं. वहिनींनी डबी उघडली, चिमूटभर टाचण्या घेतल्या, आणि उजव्या कोपऱ्यात एकेक करून ठेवल्या, टोकं आत, डोकी बाहेर. डोळे मिटले. जरा वेळ काहीच नाही. मग ओठ हलला आणि एक वाकडी टाचणी टणकन जमिनीवर पडली. दादांनी ती उचलून उजेडात धरली, आणि मान वळवून रस्त्याकडे बघत राहिले. नाक मात्र बराच वेळ पुसत होते.

मला खरं तर आनंद झाला होता. पण आनंद झाला की मला गप्प बसता येत नाही. म्हणालो, "वहिनी, दातांच्या डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? टाचण्या आणि दोरे तोंडात घालायचे नाहीत. एवढा स्कॅन केलात, एवढ्या जिद्दीनं ओठ परत मिळवलात, आणि पुन्हा तिथेच टाचण्या? हव्यातच का त्या तोंडात?"

वहिनींनी सगळ्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या आणि म्हणाल्या, "त्या तोंडात असतात म्हणून तर भाऊजी, इतकी वर्षं तुम्ही टोचून न घेता घरी जाता."